उतरताना की चढताना?

पिवळा दिवा माझ्याआधी आईला दिसला. ती पुढच्या सीटवर बसली की रस्त्याकडे कमी आणि माझ्यासमोरच्या काट्यांकडे जास्त बघते. बाबांच्या शेजारी बसून लागलेली चाळीस वर्षांची सवय. जुलै महिना. तिला पुण्याहून पेणला सोडायला निघालो होतो. खंडाळ्याच्या पुढे एक्सप्रेसवे सोडला आणि खोपोलीकडे उतरणाऱ्या जुन्या घाटरस्त्याला लागलो. पाऊस असा, की वायपर काच पुसतोय की पाणी नुसतं इकडचं तिकडे करतोय ते कळू नये. एका उजव्या वळणावर समोर ट्रक आला. ब्रेक दाबला, स्टिअरिंग जवळजवळ पुरतं फिरवलं, आणि टिंग. ‘अरे, हे काय लागलं?’ एक नव्हे, दोन दिवे. गोलात एबीएसची अक्षरं, आणि शेजारी घसरत चाललेल्या गाडीचं ते नागमोडी चित्र. खाली मजकूर, की चढावर गाडी धरून ठेवायची सोय सध्या उपलब्ध नाही. मी म्हटलं, काही नाही गं, सेन्सर असेल. न कळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आपण हल्ली सेन्सर म्हणतो. पुढे घाटातलं शिंग्रोबाचं देऊळ आलं तशी ती म्हणाली, थांब. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. तिने छत्री उघडली, पर्समधून पाचाचं नाणं काढून ठेवून आली, हात जोडले, पदराने कपाळ पुसत परत येऊन बसली. मी किल्ली फिरवली. सगळे दिवे नेहमीसारखे एकदा पेटले आणि एकेक करून विझले. गाडी चालायला लागली, वीसच्या पुढे गेली, तरी पिवळे दिवे काही परत आले नाहीत. आई खिडकीतून बाहेर बघत होती. एक अक्षर बोलली नाही.

बोलली असती तर वाद तरी घालता आला असता.

कारण दिवा का विझला हे मला ठाऊक होतं. इंजिन बंद करून सुरू केलं की ती यंत्रणा स्वतःची तपासणी पहिल्यापासून करते. तार जागेवर आहे, चाकाकडून खबर येतेय, मग तक्रार कशाची? झालं गेलं ती तिच्या वहीत लिहून ठेवते आणि दिवा मालवते. देवाचा इथे काही संबंध नाही. पण दिवा विझला का हे सांगता आलं, तरी लागला का ते सांगता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये पुन्हा आईला सोडायला गेलो, पुन्हा त्याच घाटात, शिंग्रोबाच्या अलीकडे टिंग. पुन्हा थांबलो, पुन्हा नाणं, पुन्हा दिवा गुल. एरवी गाडी रोज पुण्याच्या रस्त्यांवरून आपटत जाते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवावं लागतं, तिथे कधी हूं की चूं नाही. पेणहून परत येतानाही नाही. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. लॉग वाचून पोट भरतो. ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय’ हे वाक्य मी क्लायंटला इतक्यांदा ऐकवलंय की आता गाडी तेच मला ऐकवत होती.

बाबांच्या फियाटला दिवे असे नव्हतेच. एक ऑइलचा, एक बॅटरीचा, आणि तेही लागायचे तेव्हा फार उशीर झालेला असायचा. गाडीची तब्येत कळायची ती नाकाला आणि पायाला. घाट उतरताना लायनर तापल्याचा वास आला की ते एका जागी गाडी उभी करायचे आणि थर्मासमधला चहा काढायचे. आम्हा मुलांना वाटायचं की चहासाठी थांबलोय. मला गाडी शिकवताना याच घाटात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरू नकोस, दाब-सोड कर. दाबून धरला की चाक थांबतं पण गाडी थांबत नाही; आणि थांबलेलं चाक वळवून उपयोग नसतो, गाडी सरळच जाते. माझा पाय तेव्हा घाबरून नेमका दाबून धरायचा. एबीएस दुसरं काय करतं? बाबांचं ते दाब-सोड, पण सेकंदाला दहा-पंधरा वेळा, आणि प्रत्येक चाकाचं वेगळं. पेडल पायाखाली थडथडतं ते त्यामुळे. बॉशने ते मर्सिडीझच्या एस क्लासमध्ये १९७८ साली आणलं, आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं व्हायला एप्रिल २०१९ उजाडला. मधली चाळीस वर्षं आपण बाबांच्या पायावर काढली.

त्या नागमोडी चित्राचा प्रकार त्याहून चतुर. स्टिअरिंग किती वळलंय यावरून तुम्हाला कुठे जायचंय हे ते ओळखतं, गाडी स्वतःभोवती किती फिरतेय यावरून ती खरी कुठे चाललीय हे ओळखतं, आणि या दोन्हींत फरक पडला की चारांपैकी एखाद्याच चाकाचा ब्रेक आपणहून दाबून गाडीचं नाक सरळ करतं. १९९५ साली ते आलं तेव्हा श्रीमंतांचा थाट होता. दोन वर्षांनी स्वीडनमध्ये पत्रकारांनी मर्सिडीझची छोटी ए क्लास गाडी, समोर अचानक हरीण आल्यासारखी, डावी-उजवी करून बघितली आणि ती उलटली. तेव्हा कंपनीने ते त्या सगळ्या छोट्या गाड्यांनाही बसवून दिलं. या सगळ्या हुशारीचं मूळ मात्र एकच: चारी चाकं किती वेगाने फिरतायत याची खबर. त्यातलं एक चाक गप्प झालं की यंत्रणा अंदाज बांधत बसत नाही. एबीएस बंद, घसरण सावरणं बंद, चढावर धरणं बंद. ब्रेक राहतात, पण फियाटसारखे. म्हणून एका तारेचं दुखणं तीन तक्रारी होऊन समोर येतं आणि आपल्याला वाटतं, गाडीच गेली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथली काच, एसी, मशीनची कॉफी, टीव्हीवर आवाज बंद केलेल्या बातम्या. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणजे इस्त्रीच्या शर्टातला, ‘सर सर’ करणारा गोड मुलगा. त्याने टॅबलेट लावला आणि मला कोड दाखवला, सी००३५: पुढचं डावं चाक, वेगाच्या सेन्सरचं सर्किट. ‘सर, सेन्सर चेंज करावा लागेल.’ मी सांगायला गेलो, की तो फक्त घाटात लागतो. तो हसून म्हणाला, ‘येस सर, इंटरमिटंट आहे.’ म्हणजे अधूनमधून होणारं. नाव दिलं की आजार कळला असं डॉक्टरांनाही वाटतं, त्याला का वाटू नये? सेन्सर बदलला. सप्टेंबरात आईला घेऊन निघालो आणि त्याच घाटात, त्याच वळणावर टिंग. आईने पर्स उघडली. परत गेलो तर तोच मुलगा, पण आवाज जरा खाली. आता एबीएसचं मॉड्यूलच, म्हणजे त्या यंत्रणेचा मेंदूच, बदलावं लागेल, ४८,००० रुपये, शिवाय ब्रेक ऑइल आणि मजुरी वेगळी. त्याला मी लबाड म्हणणार नाही. कोडमध्ये ‘सर्किट’ लिहिलं होतं आणि त्याने ‘पार्ट’ वाचलं, इतकंच. सर्किटमध्ये सेन्सर असतो, तार असते, सॉकेट असतं, मॉड्यूल असतं. त्याच्याकडे विकायला त्यातल्या दोनच गोष्टी होत्या.

आमचे जुने मिस्त्री कात्रजला असतात. पत्र्याची शेड, पुढे चिंचेचं झाड, झाडाला टांगलेला आरसा, आणि त्या आरशात बघून हात पुसणारा बारक्या. बाबांची फियाट हेच बघायचे, आणि माझ्या गाडीचं वॉरंटीबाहेरचं कामही बहुतेक त्यांच्याकडेच. मग आधीच त्यांच्याकडे का गेलो नाही? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला वाटलं होतं, हे कॉम्प्युटरचं काम, मिस्त्रींच्या हातचं नाही. शेडच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा स्कॅनर होता. त्यांनी तो जोडलासुद्धा नाही. स्टुलावर बसले, चहा मागवला आणि विचारलं, ‘कधी लागतो?’

‘घाटात.’

‘उतरताना की चढताना?’

उतरताना.

‘वळण उजवं का डावं?’

मला आठवावं लागलं. उजवं. तिन्ही वेळा उजवं.

‘ब्रेकवर पाय असतो?’

असतो.

मिस्त्रींनी बशीत चहा ओतला आणि तिथल्या तिथे हाताने गाडी करून दाखवली. पंजा पुढे झुकवला: उतारावर ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते. मग पंजा डावीकडे कलवला: उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या अंगाला. ‘म्हणजे पुढचं डावं चाक आत बसलं. वरून तुम्ही स्टिअरिंग फिरवलं, म्हणजे ते आत बसून वळलंपण. चढताना नाक वर, मग नाही लागत. पार्किंगमध्ये चाक वळतं पण बसत नाही, मग नाही लागत. सेन्सर नाही ओ दादा. तिथं काहीतरी ओढलं जातंय.’ कपातला चहा संपायच्या आत हे झालं. मी तीन महिने गाडी चालवत होतो, हे सगळं माझ्याच पायाखाली आणि हाताखाली घडत होतं. पण मला मोजके चार प्रश्न कुणी विचारले नव्हते. आणि मी स्वतः, ज्याचा रोजचा धंदा हा, मीही विचारले नव्हते.

बारक्या जॅक आणेपर्यंत मिस्त्रींनी मला भंगारातलं एक जुनं बेरिंग दाखवलं. चाकाचा सेन्सर हल्ली दाते मोजत नाही, म्हणाले, लोहचुंबक मोजतो. बेरिंगच्या एका बाजूला काळ्या रबरासारखी पातळ चकती होती. दिसायला साधं सील. त्यांनी ती ग्राइंडरखालच्या लोखंडाच्या किसात टेकवली आणि उचलून उन्हात धरली. किसाच्या बारीक रेघा उभ्या राहिल्या होत्या, सगळीकडे सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या. उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण, पूर्ण गोल. चाक फिरतं तसे हे ध्रुव सेन्सरसमोरून सरकतात आणि तारेतला प्रवाह सात मिलिअँपिअर, चौदा मिलिअँपिअर, सात, चौदा असा हलत राहतो. एवढ्याशा हेलकाव्यावर गाडीला कळतं की चाक जिवंत आहे. एकाने म्हणे बेरिंग उलटं बसवलं होतं, चुंबकाची बाजू बाहेर, आणि दोन सेन्सर बदलून झाल्यावर गाडी इथे आणली. दुसऱ्याचं नुसतं ब्रेक लाइटचं स्विच खराब. तिसऱ्याने चारातला एकच टायर बदलला, तोही वेगळ्या मापाचा. ते चाक रोज इतरांपेक्षा वेगळंच बोलायचं. सांगता सांगता त्यांनी बेरिंग पँटला पुसलं, रेघा गेल्या, आणि ती पुन्हा साधी काळी चकती झाली. मला उगाचच वाईट वाटलं.

मग म्हणाले, आधी लागताना बघू. स्कॅनर जोडला, टॅबलेट माझ्या मांडीवर दिला, स्वतः चालवायला बसले. ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा. कात्रजचा जुना घाट चढून गेलो. पडद्यावर चार आकडे, चार चाकांचे. सरळ रस्त्याला २८, २८, २८, २८. वळणाला ते वेगळे व्हायचे: बाहेरच्या चाकांना जास्त पळावं लागतं, आतल्यांना कमी, म्हणून एका बाजूला २४ आणि दुसऱ्या बाजूला २१. वर्षानुवर्षं गाडी चालवतोय, चार चाकं चार वेगांनी जातात हे डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. जुन्या बोगद्याच्या अलीकडे गाडी वळवली आणि उतरायला लागलो. एक उजवं वळण गेलं, काही नाही. दुसऱ्याला मिस्त्रींनी मुद्दाम उशिरा ब्रेक मारला. गाडी पुढे वाकली, मी टॅबलेट घट्ट धरला. २३, २०, २२, १९. आणि मग पहिल्या रकान्यात २३ च्या जागी ०. गाडी धावतेय, तीन चाकं धावतायत, आणि एक जागेवर उभं असल्याचं सांगतंय. पुढच्या क्षणी टिंग. दोन्ही दिवे. मला चक्क आनंद झाला. ‘पिवळाच आहे, घाबरू नका,’ मिस्त्री म्हणाले, ‘याच्यासोबत लाल लागला तर मात्र तिथंच उभं राहायचं.’

शेडमध्ये परत आल्यावर चाक काढलं. आतला चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. मिस्त्री टॉर्च घेऊन आत वाकले. सेन्सरची तार चाकापासून निघते, शॉकअपच्या अंगावरच्या एका कडीत रबरी बुचाने बसते, आणि तिथून सैल झोका घेऊन मडगार्डच्या आतल्या सॉकेटला जाते. झोका यासाठी, की चाक वरखाली झालं, वळलं, तरी सॉकेटला ओढ बसू नये. आमची तार कडीत नव्हतीच. रबरी बूच रिकाम्या कडीच्या शेजारी लोंबत होतं आणि तार दुसऱ्याच वाटेने, कडीच्या मागून, ताठ गेली होती. बारक्याने चाक बसल्यासारखं उचलून उजवीकडे वळवलं आणि सॉकेट माझ्या डोळ्यांदेखत केसभर मागे सरकलं. उघडलं तर दोनपैकी एका पिनेचं तोंड फाकलेलं, कडेला हिरवट बुरशीसारखं काहीतरी. नवा सेन्सर बसवणाऱ्यानेही तार जशी होती त्याच वाटेने घातली होती.

‘शॉकअप कधी बदलले?’ मिस्त्रींनी आतूनच विचारलं.

‘मे महिन्यात.’

‘कुठं?’

मी बोललो नाही. बारक्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मे महिन्यात पुढचे दोन्ही शॉकअप याच शेडमध्ये, याच चिंचेखाली बदलले होते. मी इथेच स्टुलावर बसून कलिंगड खाल्लं होतं. मिस्त्री बराच वेळ मडगार्डमध्येच डोकं घालून राहिले. शोधण्यासारखं आत आता काही उरलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त नजर माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी. ‘बूच बसवायचं राहिलं,’ म्हणाले. ‘माझं काम आहे हे.’ बारक्या काहीतरी बोलायला गेला. काम कदाचित त्याच्याच हातचं असेल. त्यांनी त्याला हातानेच गप्प केलं. मला राग यायला हवा होता. तीन वेळा आईला घेऊन मी ओल्या घाटात तसा उतरलो होतो, सेन्सरचे पैसे भरले होते, ४८,००० च्या उंबरठ्यावर उभा होतो. राग थोडा आलाही. पण त्याच माणसाने चहाच्या बशीवरून दोष कुठे आहे ते सांगितलं होतं, आणि दोष त्याच्याच दारात निघणार हे कदाचित पार्किंगबद्दल बोलतानाच त्याला कळलं असावं. तरी त्याने कात्रज चढून उतरून दाखवलं. ‘सेन्सरच होता’ म्हणून मोकळं होणं त्याला किती सोपं होतं.

पिन त्यांनी कुणाला हात लावू दिली नाही. चष्मा लावून, बारीक सुईने तिचं फाकलेलं तोंड आवळलं, स्प्रे मारून हिरवं पुसलं, जोडून-काढून तीनदा पकड बघितली. रबरी बूच थुंकी लावून कडीत दाबलं. बसताना त्याचा टप्प असा आवाज झाला. मेमध्ये हाच एक आवाज व्हायचा राहिला होता. मग झोका नीट पडतोय का ते बघायला चाक दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवलं. कोड पुसला. मी पाकीट काढलं तर म्हणाले, ‘ठेवा आत.’ मी चहाचे तरी घ्या म्हटलं, तर बारक्याला म्हणाले, ‘गाडी पुसून दे रे साहेबांची.’ इतकी वर्षं मी ‘दादा’ होतो. त्या दिवशी साहेब झालो, ते मला आवडलं नाही.

दसरा झाल्यावर आईला पेणला सोडायला निघालो. पाऊस सरला होता, घाटात सोनकी फुलली होती, आणि त्या उजव्या वळणावर मी जरा जास्तच जोरात ब्रेक मारला. आईने दाराचं हँडल धरलं आणि काट्यांकडे बघितलं. काही नाही. मग तिला सगळं सांगितलं: बूच, पिन, मिस्त्रींची चूक, त्यांनी पैसे न घेणं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मेमध्ये शॉकअप बदलले, आणि त्यानंतर पहिल्यांदा घाटात आलो ते जुलैत?’

‘हो.’

‘मग शॉकअपनंतरच सुरू झालं म्हणायचं की. तेव्हाच त्याच्याकडे न्यायची.’

मी गिअर बदलला. समोर शिंग्रोबा दिसायला लागला होता. आई पर्समध्ये हात घालून नाणी चाचपत होती. एक काढलं, मग आणखी एक. ‘दोन कशाला?’ म्हटलं, तर म्हणाली, ‘मिस्त्रींचं एक. तो कशाला येतोय इकडे.’ मी गाडी कडेला घेतली. ती उतरली. या वेळी मी इंजिन बंद केलं नाही.